चालतं यंत्र मोडीत काढणारे हे कोण?

निवृत्त फिटरच्या लॅपटॉपवर सूचना आली. जुन्या विंडोजला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि नवी या यंत्रावर बसणार नाही. थोडक्यात, नवा लॅपटॉप घ्या.

फिटर भडकला. "बिजागरी घट्ट, बटणं धड, पंखा फिरतोय. चालतं यंत्र मोडीत काढणारे हे कोण टिकोजीराव?"

"माझ्यावर का ओरडता? मी बनवलाय का तो?" बायको म्हणाली.

खरी काळजी मेहुण्याची होती. बायकोचा हा धाकटा भाऊ जन्मभर ट्रक चालवत आला होता. गुडघे गेल्यापासून तो दूरच्या गावी खाटेवर पडून होता. रोज संध्याकाळी दोघे आपापल्या लॅपटॉपवर एकाच खेळात ट्रक हाकायचे. तेवढाच रस्ता त्याच्या वाट्याला उरला होता. हल्ली मात्र फिटरचा ट्रक घाटात अडखळायचा.

"भावोजी, बैलगाडी आणलीत काय?" मेहुणा हसायचा. पण वाट बघून कंटाळायचाही.

फिटरने विंडोजच्या जागी बसणारी, जुन्या यंत्रावरही हलकी चालणारी, खास खेळांसाठी बनवलेली फुकटची लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. फोटो दुसरीकडे हलवले. मग बसवायला घेताना त्याने आधी चार्जरचा प्लग काढला. यंत्राला हात लावण्यापूर्वी वीज तोडायची, हा कारखान्यातला नियम. त्या नियमामुळेच त्याची दहाही बोटं शाबूत होती.

बॅटरी मात्र म्हातारी. विंडोज पुसली गेली, लिनक्स अर्धी बसली आणि पडदा काळा झाला.

"तेलही गेलं, तूपही गेलं," बायको म्हणाली. "आता माझ्या भावाला काय सांगू?"

"चालू विजेवर काम! ही काय रीत झाली?" फिटर पुटपुटला. पण त्याने प्लग लावला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि बसवणं संपेपर्यंत हात पाठीमागे धरून उभा राहिला.

संध्याकाळी घाटात त्याने मेहुण्याचा ट्रक मागे टाकला.

"अहो भावोजी! नवा घेतलात?"

"घेतोय कशाला! तोच आहे."

मेहुण्याने ट्रक कडेला घेतला. "ती विंडोजची सूचना माझ्याही लॅपटॉपवर आलीय. म्हटलं, आपला खेळ संपला. म्हणून बोललो नाही."

"तू काय चोरी केलीस गप्प बसायला?" फिटर कडाडला. "दे लॅपटॉप पाठवून. आणि चार्जर विसरलास तर याद राख!"