नॉर्मल म्हणून लावलेलं रक्त

लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा धिटाईबद्दल आधीच माफी मागतो. पण ती दोन चित्रं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

कॉम्प्युटरने देवरावच्या दोन जोड्या लावायचं नाकारलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. गुणसूत्रं म्हणजे आईबापाचा वारसा वाहणारे पेशीतले धागे. त्यांचे फोटो कात्रीने कापून आम्ही जोड्या चिकटवायचो. नवा कॉम्प्युटर धाग्यांवरचे फिकट-गडद पट्टे वाचून तेच काम करी.

देवराव रोहणा गावचा. बायकोला दिवस राहत, पण गर्भ टिकत नसे. बोल तिलाच लागे.

"माह्यं रक्त कायले पायजे, साहेब?" रक्त द्यायला आला तेव्हा बाकावर एक पाय दुमडून तो बसला होता. माझे मामा अगदी तसेच बसत.

"मशीन बिघडलं असेल. कंट्रोल लाव," देवरावच्या जोड्या लागेनात तेव्हा आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले.

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी नॉर्मल माणसाचं रक्त. आमच्याकडे ते लॅबमधल्याच कुणाचं तरी घ्यायची पद्धत. त्या दिवशीची स्लाइड माझ्या रक्ताची होती.

पडद्यावर जोड्या लागत गेल्या. शेवटी चार धागे उरले. देवरावचे उरले होते तेच चार. एकाचं टोक दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला. लांबी जवळपास सारखीच, म्हणून कात्रीच्या कामात मला ते कधी दिसलंच नव्हतं.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी धरली.

"असा सारखा बदल एकाच घराण्यातून येतो. तुझं आजोळ कोणतं रे?"

"रोहणा."

सरांनी देवरावच्या फॉर्मवरच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं.

"माल पूर्ण आहे, जागा बदललीय. तुला काही त्रास नाही. पण मुलाकडे अर्धंच गेलं तर गर्भ टिकत नाही, नाहीतर व्यंग येतं." माझी बायको सिंधू बाळंतपणाला समुद्रपूरला, माहेरी होती.

मी देवरावला आणि त्याच्या बायकोला सगळं समजावलं.

"म्हंजे हिचा दोष नाई?"

"मी म्हनतच होती," त्याची बायको म्हणाली.

"पन तुमाले काऊन घाम फुटून राह्यला, साहेब?" देवरावने विचारलं.

मी चित्रं पाकिटात घातली. पुढे आम्ही ओळखीच्या माणसाचं रक्तही तपासल्याशिवाय नॉर्मल धरलं नाही.

काही दिवसांनी समुद्रपूरच्या एसटीचा कंडक्टर लॅबच्या दारात आला.

"जावईबुवा, पोरगी झाली! धडधाकट हाय. सासूबाईनं सांगतलं, एक पाय दुमडूनच झोपते म्हने."