जाऊबाईंना सांगितलेला लेप
मुलतानी माती भिजल्याचा वास आला की मला नणंदेचा निगडीतला साखरपुडा आठवतो. मी चाकणच्या कंपनीत पहिली शिफ्ट करून घरी यायचे आणि त्या मातीत दही नि आंबेहळद कालवून तोंडाला लावायचे. मोठ्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, “अगं, भिंत सारवतेस की तोंड? साखरपुड्यात मागंच उभी राहा, पाहुणे घाबरतील.” पण आदल्या संध्याकाळी माझा उजळलेला चेहरा बघून त्यांनीच स्वयंपाकघरात हळूच विचारलं, “काय काय घालतेस गं त्यात?” मी म्हटलं, “माती, दही आणि दोन चमचे हळद, ताई. तासभर ठेवा.” आंबेहळदीचा डाग राहत नाही, स्वयंपाकाच्या हळदीचा राहतो, हे मी बोलले नाही. त्यांनी मसाल्याच्या डब्यातली हळद घेतलेली दिसली, तरी मी भाकरी थापत राहिले. सकाळी साबण, बेसन, लिंबू, सगळं घासून झालं तरी चेहरा पिवळाधमक! मुलाकडच्या मावशींनी त्यांना बघून विचारलं, “अगं बाई, हळद आजच लावली? नवरी ह्याच का?” तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. त्या दिवसाचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि जाऊबाईंनी टोमणा मारला की मी तो त्यांच्यासमोरच उघडून बघते.