पाठ झाकणारं पोलकं

लग्नात मावशीनं मला शिवणाचं हातमशीन दिलं. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात तेव्हा बायका पोलकी घरी हातानं शिवायच्या, नाहीतर शिंप्याकडे जुनं पोलकं मापाला पाठवायच्या. शिंपी पुरुष, त्याच्यासमोर उभं राहून माप देणार कोण? जुनं पोलकं जिथं काचायचं तिथंच नवंही काचायचं. मी अंगावर टेप लावून माप घ्यायची. माझ्या धंद्यात वेगळं होतं ते एवढंच.

पहिलं वर्ष बायका आमच्या ओसरीवरच जमायच्या. दुपारी पाच-सहाजणी यायच्या, छिटाचे तुकडे पसरायच्या, एकीचं पाहून दुसरीला तसंच हवं व्हायचं. माझे यजमान शाळेत शिपाई, ते दिवसभर बाहेर. पण सासरे घरात असायचे. एक दिवस बायकांसमोरच ते म्हणाले, "घराचा बजार करून टाकला हिनं. उद्यापासून इथं कोनी जमाचं नाई."

बायका पदर सावरत उठल्या. त्यानंतर आमच्या ओसरीवर कोणी चढलं नाही.

मग मीच बायकांकडे जायचं ठरवलं. एकटीनं हिंडणं शक्य नव्हतं, म्हणून नणंदेला सोबत घेतलं. यजमानांची धाकटी बहीण, पण वयानं माझ्याहून दोन वर्षं मोठी. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती चुलीपुढेच बसली. मी तिला बाई म्हणायची, ती मला वयनी. तिला मी काजं-बटणं शिकवली, हातशिलाई शिकवली. घराबाहेर पडायचं म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की सासऱ्यांनीही हो म्हटलं.

गावाबाहेरच्या मळ्यांतल्या बायका आमच्या पहिल्या. मेथीच्या जुड्या बांधता बांधता एकजण ओरडली, "माप द्याले येळ कोनाले हाय व? वाफा भरून राह्यला!"

"तुमी जुड्या बांधा, मी माप घेते," मी म्हटलं. नणंदेनं लुगडं आडवं धरलं आणि मी तिच्या दंडाला टेप लावला. पैसे मागितले नाहीत. पोलकं शिवून दिलं आणि सांगितलं, "आठ दिवस घालून काम करा. काखेत काचलं तर मले वापस द्या." एकही पोलकं परत आलं नाही. बसून भाजी निवडणारीला वेगळी बाही लागते आणि पाटी डोक्यावर घेणारीला वेगळी, हे मला त्या मळ्यांनी शिकवलं. ओसरीवर ते कळलं नसतं.

त्यातल्याच एका घरची मुलगी रिठदला दिली. रुखवतात माझी सहा पोलकी गेली. महिन्याभरात तिचा निरोप आला, सासरच्या चौघीजणी विचारतात म्हणून. वाशीमला मोटार बदलून आम्ही दोघी रिठदला गेलो, कापडांचं बोचकं नणंदेच्या डोक्यावर. पुढं लग्न करून गेलेली प्रत्येक मुलगी आम्हाला एकेक गाव उघडून देऊ लागली.

रिठदला त्या मुलीच्या शेजारघरची सून सगळ्यांत शेवटी आली. उन्हाळा असूनही पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळलेला. म्हणाली, "मायं माप आत घे. तू एकटीच ये."

कोठीच्या खोलीत तिनं पाठ दाखवली. खांद्यापासून कमरेपर्यंत भाजल्याचे व्रण होते. कशानं भाजलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त म्हणाली, "कोनाले सांगू नको माय."

"नाई सांगत," मी म्हटलं.

मी तिच्यासाठी मानेपर्यंत पाठ बंद असलेलं पोलकं बेतलं, आतून जुन्या मऊ धोतराचं अस्तर लावलं. हातशिलाई करताना नणंद म्हणाली, "एवढी वर पाठ कायले? उन्हाचं मरन हे."

मी तिला सांगितलं. एकाच बोचक्यातलं काम दोघी करत होतो, लपवायचं काय, असं तेव्हा वाटलं. पोलकं मिळालं तेव्हा त्या सुनेनं पदर सैल सोडून दोन्ही हात वर करून पाहिले आणि हसली. ते हसू मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

दिवाळीच्या सुमारास मला ताप आला. महिनाभर नणंद एकटी फिरली. बरी होऊन मी रिठदला गेले तर कोणी माप द्यायला येईना. मळ्यातली ती मुलगीही दारातून म्हणाली, "आता नको काकू, नंतर पाहू." शेजारघरची सून मात्र बाहेर आली. हातात तेच पोलकं होतं, धुऊन घडी केलेलं.

"हे घेऊन जा," ती म्हणाली.

"काहून? काचते काय?"

"साऱ्या गावाले माई पाठ मालूम झाली. पानोठ्यावर बाया ईचारतात. तुया नंदीनं सांगतलं, वयनी घरोघर सांगत फिरते मनून. मी तुले एकच गोष्ट मागतली होती."

मी नाही सांगितलं म्हणावं, तर मीच सांगितलं होतं. मी पोलकं घेतलं. तिनं दार लावलं.

घरी नणंद तांदूळ निवडत होती. मी पोलकं तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते ओळखलं, पण हात थांबवला नाही.

"काहून केलं बाई असं?"

"कापडवाल्या शेटजीनं दुकानात मशीन ठेवली," ती म्हणाली. "मले मने, गावं तुई असतीन तर मशीन तुई. तुया गावात लोक मले बोचकंवाली मनत. कुठवरी वागवू तुयं बोचकं?"

"मले मागतलं असतं तर गावं वाटून घेतली असती."

"मागूनच खाल्लं वयनी आजवरी. या घरात भाकरबी मागूनच खाल्ली."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. मी तिला चुलीपुढून उठवलं होतं, सुई हातात दिली होती, आणि तिनं तोडायला नेमका असा धागा निवडला की त्यात तिसरीचीच अब्रू गेली. सासरे म्हणाले, "घरातलीच बाई कमावून राह्यली, तुले कायचा जयफयाट?" यजमानांनी माझी बाजू घेतली नाही. त्याचं दुःखही मला नणंदेच्या वागण्याइतकंच झालं.

ती दुकानात बसू लागली. मळ्यातल्या बायका माझ्याकडे राहिल्या, पण माप देताना एकदोघी हसत म्हणायच्या, "आमचंबी सांगशीन काय कोनाले?" मी हसायची नाही. मग मी मानोऱ्याची बाजू धरली, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. एकटी जायची, लुगडं स्वतःच दोरीवर टाकून आडोसा करायची, हातशिलाईही स्वतःच करायची. धंदा पुन्हा उभा राहायला तीन वर्षं लागली. नणंद आणि मी एकाच घरात राहिलो, एका पंगतीला जेवलो, पण त्या दिवसानंतर मी तिला बाई म्हणून हाक मारली नाही.

रिठदच्या सुनेला मी वाशीमच्या मोटारस्टँडवर एकदा पाहिलं. पदर पुन्हा तसाच गुंडाळलेला. मी दोन पावलं पुढं गेले. तिनं मला पाहिलं, मुलाचा हात धरला आणि पाठ भिंतीकडे करून मोटार येईपर्यंत तशीच उभी राहिली.