नांदीवाचून पडदा

काशीत ब्रह्मा घाटाच्या मराठी वस्तीत ढुंढिराजला सगळे ओळखत, पण नाटकगृहात त्याचं तोंड पाहिलेला एक माणूस सापडला नसता. सापडणार कसा? गडी कायम पडद्याच्या दोराशी! घराण्यात सगळे वेद म्हणणारे, हा एकटाच दोर ओढणारा निघाला. तीस वर्षं त्याचा नेम एकच. पडद्याआड नांदी सुरू व्हायची आणि तिच्या शेवटच्या ओळीला हा दोर खेचायचा. नांदीवाचून पडदा उचलणं म्हणजे पारोशानं देवाला शिवणं, असं तो म्हणे. बायको कालिंदी बायकांच्या सज्जात चिकाच्या पडद्याआड बसे. ती तिथं पेंगते, अशी त्याची खात्री होती.

पडद्यावर काशीचाच घाट रंगवलेला होता. पायऱ्या, छत्र्या, एक होडी. दुपारी झरोक्यातून ऊन आलं की पाणी हलल्यासारखं वाटे, आणि ढुंढिराज दोराशी बसल्या बसल्या त्या होडीतून कुठं कुठं जाऊन येई.

मग बोलपट आले, नाटकमंडळ्या यायच्या थांबल्या. मालक वेणीमाधवरावांनी कलेक्टरसाहेबाकडून परवाना काढला, यंत्र आणलं आणि पडद्यामागे पांढरं कापड ताणलं. ढुंढिराजला म्हणाले, “तिसऱ्या घंटेला पडदा वर. जमत असेल तर राहा, नाहीतर दोर दुसऱ्याच्या हाती.” त्यानं मान डोलावली. दोर गेला तर त्याच्यापाशी उरणार काय होतं?

पहिला खेळ दुपारी तीनचा. तिसरी घंटा झाली, ढुंढिराजनं दोर धरला आणि नांदीसाठी कान दिला. कुठली आलीय नांदी! यंत्र घरघरलं आणि चित्र थेट रंगवलेल्या घाटावर पडलं. चित्रातली राणी घाटाच्या पायऱ्या उतरू लागली, तिचे घोडे गंगेवरून धावले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. “अरे, परदा उठाओ भाई!”

ढुंढिराज पडद्याच्या कडेनं डोकावून राणीकडे बघत राहिला. काय सुरेख दिसत होतं मेलं! दोर ओढ, असं मन सांगत होतं, पण हात ऐकेनात. वेणीमाधवराव लाल होऊन धावत आले.

तेवढ्यात सज्जातून, चिकाआडून नांदी सुरू झाली. आवाज कापरा, पण सूर पक्का. कालिंदी! भल्या घरची बाई भरल्या नाटकगृहात गाते, शिव शिव! खाली ब्रह्मा घाटाची चार म्हातारी माणसं उठून उभी राहिली आणि तिच्यामागून म्हणू लागली. शेवटच्या ओळीला ढुंढिराजनं दोर खेचला. घाट वर गेला आणि राणी पांढऱ्या कापडावर एकटीच राहिली.

त्यानं दोर खुंटीला बांधला. “आता द्या कुणालाही,” तो मालकांना म्हणाला. डोळे वाहत होते, त्याची त्याला लाज वाटली नाही.

संध्याकाळी दोघं अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर टेकली.

“अगं, तुला सगळी नांदी येत होती?”

“तीस वर्षं घरात दुसरं ऐकलं काय मी? दर खेळाला चिकाआड मीही म्हणायची, हळूच.”

“ते कशाला?”

“अहो, तुमचा दोर अडकू नये म्हणून.”