अळी पासवर्ड इचारून येते काय?

गुप्ततेवर माझ्या सासऱ्यांइतकं, म्हणजे मामाजींइतकं, प्रेम करणारा आणि पोटात एकही गोष्ट न ठेवू शकणारा माणूस साऱ्या आर्णी तालुक्यात दुसरा झाला नसेल. मला दिवस गेल्याची बातमी माझ्या आईच्या आधी भाजीबाजाराला कळली, ती त्यांच्याच तोंडून. तीही प्रत्येक दुकानदाराला "कोनाले सांगू नको" अशी वेगळी शपथ घालून.

मामाजी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालली होती. बियाणं खरं की खोटं कळेना, अळी औषधाला दाद देईना. गावात नुकतेच इंटरनेट कॅफे निघाले होते. मामाजींनी घरात कॉम्प्युटर आणला आणि पंचवीस-तीस शेतकऱ्यांची मेलिंग लिस्ट काढली. सकाळी वावरात जाऊन कापसाची पऱ्हाटी तपासायची आणि अळी दिसली की घरी येऊन मेल टाकायचा, तो सगळ्यांना एकदम. कॅफेत एक जण वाचायचा, चार जण ऐकायचे. इथवर उत्तम होतं. पण प्रत्येक सभासदाला पासवर्ड हवाच, असा त्यांनी हट्ट धरला.

शेजारचे देवरावकाका त्यांचे बालमित्र. ते म्हणाले, "गुरुजी, अळी आली हे सांगाले पासवर्ड कायले? अळी पासवर्ड इचारून येते काय?"

"अन् उद्या कोनी तुह्यं नाव काढून टाकलं तं?"

"मायं नाव काढून कोनाले काय भेटते?"

मामाजी हटले नाहीत. सगळ्यांना पासवर्ड मिळाले. आता आमच्या आळीत रीत अशी, की गावाला जाताना दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारी द्यायची. मंडळींनी पासवर्डचंही तेच केलं. देवरावकाका नातवाच्या बारशाला आठ दिवस फुलसावंगीला निघाले, तेव्हा किल्लीसोबत पासवर्डची चिठ्ठीही मामाजींच्या हातात ठेवून गेले. मामाजींना वाटलं, घर बंद असलं की आपण पेपर बंद करतोच ना! त्यांनी तो पासवर्ड टाकून काकांचं नाव लिस्टीतून काढलं आणि परत घालायला साफ विसरले.

काका परतले आणि पुढच्याच आठवड्यात बोंडअळी आली. साऱ्यांना मेल गेला, काकांना नाही. मामाजींच्या पाठीवर फवारणीचा पंप पाहून काका धावत दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर आले. सगळा उलगडा झाल्यावर म्हणाले, "वा गुरुजी! कुलूपबी तुमचं, अन् चोरबी तुमीच!" तोच पंप घेऊन मामाजी आधी काकांच्या वावरात शिरले आणि दिवस मावळेपर्यंत फवारत राहिले. पासवर्डचा नियम मात्र उठवला नाही.

त्यांचा स्वतःचा पासवर्ड म्हणजे तर राजवाड्याचा खजिना. दुपट्ट्याखाली कीबोर्ड झाकून ते एका बोटानं टाइप करत. आम्हाला चकवायला तोंडानं भलतीच अक्षरं मोठ्यानं म्हणत, आणि बोट बिचारं तोंडाचंच ऐके. दिवसातून तीनदा ते स्वतःच्याच लिस्टीबाहेर पडत आणि माझ्याकडे संशयानं पाहत. आयुष्यात हे एकच गुपित त्यांनी पाळलं.

मग ते ऑपरेशनसाठी नागपूरला गेले आणि परत आलेच नाहीत.

तेरवी झाली आणि लोक दाराशी येऊन विचारू लागले, "वहिनी, गुरुजींचा मेल नाई आला. अळी हाय का नाई यंदा?" अळी होती, पण मेल त्यांच्याच पासवर्डनं जायचा. मी वह्या धुंडाळल्या, कॅलेंडरची पानं उलटून पाहिली, चष्म्याचं घरसुद्धा उसवलं. काही सापडलं नाही. खूप राग आला त्यांचा, आणि रडूही.

चौथ्या दिवशी देवरावकाका आले. "सूनबाई, मशीन लाव. नागपूरले जातानी किल्ली देऊन गेलते मले. म्हने, येतोच आठ दिवसांत."

मी खुर्ची सरकवून दिली. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा कीबोर्डवर पसरला आणि मला म्हणाले, "तिकडं पाहा."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागून एका बोटाचा टकटक आवाज येत राहिला.

लिस्ट अजून चालते. अळी दिसली की काका येतात, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. एकदा मी म्हटलं, मलाही सांगून ठेवा ना. काका म्हणाले, "ज्याची किल्ली हाय, त्यानं येऊन मांगावं, बेटा. मी सांभाळून राह्यलो."