दोन फुटांखालचा मुरूम

मी फोनवर साहेबांशी बोलत होते, तेवढ्यात जेसीबीनं घात केला.

मुकुटबनजवळच्या तांड्यातले शेतकरी गोविंदभाऊ, त्यांचं हे दोन एकर खोलगट रान. पूर्वी इथं पाणथळ होती. दिवाळीनंतरही गुडघाभर पाणी, लव्हाळं, बगळे. जलसंधारणाच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच चर खणवून ते पाणी नाल्याला काढून दिलं. मोठी शहाणी होते. कपाशी तिथं तरीही सडायचीच, अन् खालच्या विहिरी लवकर आटू लागल्या ते वेगळंच.

आता योजना उलटी. जेसीबीनं फक्त चराचं तोंड बुजवायचं, पाणी थांबवायचं. वर दोन फूट चिकण माती, पाणी धरून हळूहळू झिरपू देणारी. खाली मुरूम, पाणी पिणारा. माती फोडायची नाही, एवढंच पथ्य.

पण आमच्या ऑपरेटरनं जन्मभर शेततळीच खोदलेली. बघते तर चार फूट खड्डा, अन् मुरूम वर आलेला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"खोल केल्याबिगर पानी राह्यते का कुठी, म्याडम?"

फोनवर साहेबांचंही तेच चाललं होतं. "फोटोत खड्डा दिसला पाहिजे."

"खड्डा दिसेल साहेब, पाणी नाही दिसणार," म्हटलं आणि फोन ठेवला.

गोविंदभाऊंची बायको शांताबाई बांधावरून बघत होती. तिनं रान एका हंगामापुरतंच सोडलं होतं. संक्रांतीपर्यंत पाणी टिकलं नाही तर पुन्हा नांगर.

"तुमच्या भरवशावर पेरा सोडला. तांडा हासून राह्यला आमाले," ती म्हणाली. "आता कसं?"

मला लाज वाटली. जागेवर मी असायला हवं होतं.

"चिकण माती थराथरानं परत भरू. प्रत्येक थर भिजवून तुडवायचा. भाऊ, बैल मिळतील?"

"बंजाऱ्याले बैलाचं इचारता?" गोविंदभाऊ हसले.

दोन दिवस चार बैल त्या चिखलात गोल फिरले. ऑपरेटरला मी पाणी ओतायला लावलं.

पावसाळा सरल्यावर संक्रांतीला मी गेले तेव्हा पोटरीभर पाणी होतं. शांताबाई काठावरचं गवत कापत होती. "राहू द्या हे असंच," एवढंच म्हणाली. खालच्या विहिरीवरची मोटार मार्चातही चालली. साहेब येऊन बगळ्यांसोबत फोटो काढून गेले.

हल्ली जेसीबी सुरू करण्याआधी मी ऑपरेटरच्या हातात फावडं देते. दोन फूट स्वतः खणले की माणूस जमिनीकडे बघायला लागतो.