दोराला लागलेले हात

हल्ली मला भाषणाला बोलावतात. कुठे बचत गटाचा मेळावा, कुठे मच्छीमारांचं शिबिर, आणि विषय ठरलेला: बदलत्या काळात संस्था कशी सांभाळावी. आधी एक शिकलेले गृहस्थ पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवतात, मग माझी पाळी येते. माझ्याकडे बाण नाहीत. मी आपली आमच्या रापणीची गोष्ट सांगते आणि खाली बसते. पण माईकसमोर सांगता सांगता ती फारच गुळगुळीत होते. लोक टाळ्या वाजवतात आणि मला वाटतं, आपण यांना फसवलं. म्हणून जशी घडली तशी एकदा लिहून काढते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल वळसा घालून परत येते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं ते ओढत आणतात. हे चार-पाच जणांचं काम नाही, त्याला पाऊण वाडी लागते. त्यामुळे 'माझं जाळं, माझी मासळी' हा न्याय रापणीत चालत नाही. मासळी वाळूत ओतायची, तिचे वाटे घालायचे आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा द्यायचा. आंधळा असो, म्हातारा असो, वाटेने जाता जाता हात लावलेला असो. वाटे घालून झाले की एक जण त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कोणाचो?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. मोठा बांगडा शेजाऱ्याला गेला म्हणून कुणाला भांडायचंच असेल, तर त्याने समुद्राशी भांडावं.

माझे यजमान या रापणीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. ते गेले आणि रापणीच्या संघातली त्यांची जागा माझ्याकडे आली. तोवर मी बाजारात पाटी घेऊन बसत होते. मासळी विकायची बायकांनी आणि बैठकीत बसायचं पुरुषांनी, अशी आमच्याकडची वाटणी. मी पहिल्यांदा बैठकीत जाऊन बसले तेव्हा दोघे-तिघे तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले ते बैठक संपेपर्यंत परतले नाहीत. मी विजयदुर्गची. किल्ल्याच्या सावलीत वाढलेली बाई तंबाखूला भीत नाही.

मग समुद्र फिरला. बाहेर खोल पाण्यात दिवे लावणाऱ्या मोठ्या बोटी मासळी उपसून नेऊ लागल्या आणि आमच्या जाळ्यात जेलीफिश आणि वेफर्सची पाकिटं येऊ लागली. त्याच सुमाराला किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले. ज्यांची घरं वाळूला लागून होती त्यांनी मागेपुढे खोल्या काढल्या, फलक लावले. मागच्या वाडीतली माणसं कुंपणाआडून बघत राहिली. त्यांच्याकडे ना खोली, ना समुद्राचा देखावा. पुढच्या घरांतले पुरुष दोरावर येईनासे झाले. हाक मारली की उत्तर तयार, "आज पाव्हणे आसत." हात कमी पडले की जाळं येत नाही. दोनदा आम्ही होडी पाण्यात लोटायच्या आधीच जाळं उचलून परत मांगरात, जाळी ठेवायच्या खोपीत, नेलं.

शेवटी रापण बंद करायची का, यावर बैठक बसली. जुने अध्यक्ष तब्येतीचं कारण सांगून मोकळे झाले. नवा व्हायला कोणी तयार होईना, कारण जाळं विकल्याचा ठपका त्याच्या कपाळी बसणार होता. मग कुणीतरी म्हणालं, "काकीक करूया." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईटपणा घ्यायचा असला की बाई चालते. मी म्हटलं, "होतंय मी. पण जाळां विकूक नाय होणार, ह्यां आताच सांगान ठेवतंय."

माझं म्हणणं सोपं होतं. पाहुण्यांचं कामसुद्धा रापणीसारखं करायचं. खोली पुढच्या घराची, जेवण मागच्या वाडीचं, होडी संघाची. पाहुणे पाळीने सगळ्या घरांत जातील आणि जे येईल त्याचे वाटे पडतील. वाटा सगळ्यांना आहे म्हटल्यावर दोरावरसुद्धा सगळे येतील. समुद्र देतो तेव्हा समुद्राचं घ्यायचं, नाही देत तेव्हा जमिनीवरचं. दोन्हीकडे माणसं तीच.

याला आडवा आला तो पुढच्या घरांच्या रांगेतला एक जण, माझ्या पुतण्याच्या वयाचा. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. आमच्याकडचा सगळ्यात चांगला वल्हेकरी. बरीच वर्षं गोव्याला मोठ्या बोटीवर राबून आलेला, आणि वडिलांच्या घराला मागे दोन खोल्या त्याने स्वतः जोडलेल्या. तो म्हणाला, "मासळी देवाची, काकी. तिचे वाटे घाला. घर माझां. घराचे वाटे कित्याक?"

मी नुसती म्हणाले, "शिमग्यापर्यंत करून बघूया. जमूक नाय तर तू मोकळो." तो हो म्हणाला, आणि त्याच्या मागोमाग पुढची सगळी रांग हो म्हणाली. म्हणजे तो फिरला तर रांग फिरणार होती आणि रांगेशिवाय जाळं किनाऱ्याला येणार नव्हतं. त्या एका माणसावर सगळं अडकलं होतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दिवाळीनंतर पुण्याचं एक कुटुंब त्याच्याकडे उतरलं. सकाळी रापण ओढताना ते बघायला आले. बघता बघता नवरा, बायको आणि आजोबा, तिघांनी चपला काढल्या आणि दोर धरला. आजोबा तर असे ओढत होते की जाळ्यात त्यांची ठेव अडकली असावी. मासळी बेताचीच आली, थोडे बांगडे, थोड्या तारल्या. वाटे पडले. पाठमोऱ्या माणसाने नेहमीप्रमाणे नावं घेतली आणि मध्येच, अगदी सहज, "पाव्हण्यांचो" असंही म्हणाला. तिघांचे तीन वाटे. त्यात सगळ्यात मोठा आजोबांचा. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण हात दोराला लागला होता. पाहुणे बिचारे ओंजळीत ओले मासे धरून एकमेकांकडे बघत उभे राहिले.

तो वल्हेकरी मात्र भडकला. पाहुणे खोलीकडे वळेपर्यंत त्याने दम धरला आणि मग वाळूतच सुरू झाला. "बघूक इलेल्यांका मासळी वाटून दिलास? गिऱ्हाईक ता! आमी धंदो करतंव काय धर्म?"

"दोराक हात लागलो," मी म्हटलं. "वाटो मेळतलोच. तो मी मोडूचंय नाय."

"मगे ऱ्हवा तुमी तुमच्या वाट्यांत. माझ्या घराक कोणाचो हात लागलो? माझ्या खोलयेत वाटे मागूक कोण येता तां बघतंय!"

त्याची आई मागेच उभी होती. नवऱ्यामागे एकटीने घर सांभाळलेली, कमी बोलणारी बाई. रोजच्यासारखी मासळी न्यायला टोपली घेऊन आली होती. ती टोपली तिने खाली ठेवली.

"घराक हात कोणाचो लागलो तां माका इचार," ती म्हणाली. "चिऱ्यांची गाडी रस्त्यार ऱ्हवली, रेतीत चाक फिरेना. तू तेव्हा पाळण्यात. एकेक चिरो ह्या मागच्या वाडीवाल्यांनी डोक्यार घेवन हाडलो. ह्या काकीच्या घोवान हाडलो. तुझो बापूस एकटो हाडूक नाय. तेव्हा कोणी इचारूक नाय, घर कोणाचां म्हणान."

तो घराकडे वळला. मला वाटलं, समजला. पण आईने चारचौघांत ऐकवलं की मुलगा समजत नाही, पेटतो. संध्याकाळी निरोप आला: उद्यापासून पुढच्या रांगेतलं कोणीही दोरावर येणार नाही.

मला भीती वाटली. एवढ्यात मागच्या वाडीतले दोघे येऊन म्हणाले, "काकी, जाळां विकलेलां बरां. हात नाय तर काय करतलंव?" खोटा धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या जाळां पाण्यात जातलां. जितके हात येतील तितक्यांनी वडूया. नाय इलां तर नाय इलां, पण घरात बसान रापण मेली असां माका कोणी सांगूचां नाय." ते मान खाली घालून गेले. येतील की नाही, मला सांगता आलं नसतं.

सकाळी आले. मागची वाडी सगळी आली, त्यांच्या बायकाही आल्या. होडी वळसा घालून परतली. उत्तरेचा दोर कसाबसा भरला, दक्षिणेचा अर्धा मोकळाच राहिला. मी पदर खोचला आणि दक्षिणेच्या दोराला लागले. ओढायला लागलो तर जाळं जागचं हलेना. पाय वाळूत रुतत होते, दोर हात कापत होता. पुढच्या रांगेतले पुरुष आपापल्या पडवीत उभे राहून बघत होते. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलं.

तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी दोर धरला. वळून बघितलं तर त्या वल्हेकऱ्याची आई. रोज टोपली घेऊन येणारी बाई आज रिकाम्या हाताने आली होती. सत्तरी ओलांडलेली, हाडं आणि लुगडं एवढीच. "व्हयनी, तुमी नको," मी म्हटलं. तिने ऐकल्याचं दाखवलं नाही. एकत्र जोर लावायची आरोळी उठली की ती पाठ मागे टाकून ओढायची आणि आरोळी थांबली की तोंड मिटून उभी राहायची. थोड्या वेळाने तिच्या तळव्यातून दोरावर लाल ओल उतरलेली मी बघितली. मी पुढे बघून दोर ओढत राहिले.

तिचा मुलगा पडवीतून उतरला. वाळूतून सरळ आमच्याकडे चालत आला, माझ्याकडे न बघता आईजवळ गेला आणि तिच्या हातांवर हात ठेवले.

"आये, सोड. हात सोलपाटले तुझे. मी वडतंय."

"मी सोडूचंय नाय," ती म्हणाली. "फुडे जागा रिकामी आसा, थंय धर."

त्याने तिच्या हातांवरचे हात काढले. मग माझ्यापुढे गेला आणि त्याने दोर धरला. त्याच्यामागून पुढच्या रांगेतले एकेक जण पडवी उतरू लागले होते, पण त्यांची वाट बघत मी थांबले नाही. मी आरोळी दिली आणि आम्ही ओढायला लागलो.